फारीनचा शिंजीर

आमच्या पनवेलच्या सोसायटीच्या गेटबाहेर एक मासेवाली मावशी बसायची. मासळीबरोबर गिऱ्हाइकाची अब्रूही साफ करून द्यायची. मी परभणीचा, आठवीत शाळा सुटलेला नवा वॉचमन. ती तोंड उघडायची आणि घाम मला फुटायचा.

एकदा गेटच्या वायरीला शिंजिरांच्या, म्हणजे बाकदार चोचीच्या इवल्या पाखरांच्या जोडीनं घरटं बांधलं. दिसायला लोंबता कचराच. सेक्रेटरी म्हणाले, "काढ ते आत्ता!" आत पिल्लं होती. काढवत नव्हतं, पण नाही म्हणावं तर नोकरी जाणार.

मावशी बोंबील कापता कापता म्हणाली, "सायेब, अमेरिकेचा हमिंगबर्ड हाय तो. पनवेलान पयल्यांदाच आयलाय."

साहेबांनी लगेच मोबाइल काढला. संध्याकाळी तिथं 'पाहुण्यांना त्रास देऊ नये' अशी पाटी लागली. काळानिळा नर आणि पिवळट मादी बघून साहेबांनी हमिंगबर्डच्या दोन जातीही शोधल्या.

मी कुजबुजलो, "मावशी, हे शिंजीर. आमच्याकडंपण असतात."

"गप र, मेल्या! गावचा बोललास तर उठवतील त्याला. आमची शेती घेतली न् आमालाच नाय उठवला?"

तिचं बोलणं मनावर घेऊन दुसऱ्या दिवसापासून मी साहेबांना रामराम सोडून 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागलो. अजून तरी मला कोणी उठवलेलं नाही.