गांडुळांना पंचामृत

जुईनगरच्या आमच्या घराच्या गॅलरीत एक तुळस आहे. तिचे बी पत्नीने कोकणातल्या माहेरच्या अंगणातून पदराच्या गाठीत बांधून आणले होते. ते घर पुढे विकले गेले, आणि त्या अंगणाचे जे काही उरले ते या कुंडीतच उरले. गेल्या आषाढात तिची पाने पिवळी पडू लागली. माती इतकी घट्ट झाली होती की स्नानानंतर मी घातलेले पाणी वरच तुंबे आणि मग कडेने निघून जाई.

"दुसरे रोप आणू या का?" मी भीत भीत विचारले.

"कार्तिकात बोहल्यावर उभी राहील ती हीच," पत्नी म्हणाली. "दुसरी नवरी मला नको, अहो."

गांडूळखताचा उपाय सूनबाईने सुचवला आणि मूठभर गांडुळेही तिनेच आणून दिली. घरातील किरकोळ डागडुजीची मला पहिल्यापासून आवड. गळका नळ असो वा कुरकुरणारी बिजागरी, ते काम मी दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही. तांदळाच्या जुन्या डब्याला मी तळाशी आणि झाकणाला भोके पाडली, गॅलरीत त्याच्याखाली परात ठेवली, आत भिजवून पिळलेला काथ्या आणि वाळकी पाने अंथरली. रोज भाजीची देठे व साली घालून वर फाडलेल्या वर्तमानपत्राचा थर देऊ लागलो.

निर्माल्याचे काय करावे, हा प्रश्नही त्या डब्याने सोडवला. देवाला वाहिलेले फूल कोणाच्या पायाखाली येऊ नये, एवढीच माझी इच्छा असते. ते मातीत मुरून तुळशीला मिळावे, याहून चांगली गती मला सुचली नाही. हळदकुंकू झटकून, दोरा काढून मी झेंडू आणि बेलाची पाने डब्यात ठेवू लागलो.

गोकुळाष्टमीला अभिषेक झाला. प्रसाद वाटूनही पंचामृत बरेच उरले. ते मोरीत ओतणे मनाला पटेना. फुलांचा स्वीकार करणाऱ्या जीवांना दूध, दही, तूप, मध आणि साखर का वर्ज्य असावी? मी ते सर्व श्रद्धापूर्वक डब्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा आवाज आला, "ओ आजोबा, तुमचं तीर्थ माझ्या चादरीवर टपकतंय हां!"

परात भरून वाहत होती. डब्याला आंबूस वास सुटला होता, आणि झाकण उचलताच दिसले की सारी गांडुळे काथ्यातून निघून डब्याच्या भिंतींवर व झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटली आहेत. पत्नी दारात उभी होती. तुळशीकडे तेवढे तिने पाहिले. ही गांडुळे गेली असती तर कार्तिकापूर्वी खत तयार होणे शक्यच नव्हते.

सूनबाई मात्र हसू लागली. "बाबा, त्यांना अजीर्ण झालंय. आता थोडे दिवस कडक उपास घडवा!"

"फराळाचेही नाही?"

"साबुदाणासुद्धा नाही!"

आंबलेला थर आम्ही दोघांनी काढून टाकला, कोरडा काथ्या व पाने हलक्या हाताने मिसळली आणि झाकण किंचित उघडे ठेवले. मी रोज पूजेनंतर डोकावत असे. हळूहळू वास गेला, आणि एका सकाळी झाकणावर एकही गांडूळ नव्हते. काथ्या बाजूला केला, तेव्हा ती खाली आपल्या कामात गढलेली दिसली. मी नकळत हात जोडले.

दसरा उलटल्यावर खत चाळले. काळे, भुसभुशीत, पहिल्या सरीनंतरच्या शेतासारख्या वासाचे. पत्नीने कुंडीतली माती मुळांना न दुखवता सैल केली आणि ते खत स्वतःच्या हातांनी कालवले. त्या दिवशी घातलेले पाणी क्षणात आत गेले. तिने मला हाक मारून ते पुन्हा घालून दाखवले.

विवाहाच्या संध्याकाळी पिवळी पाने गळून गेली होती, फांद्यांच्या बेचक्यांत कोवळी पालवी होती आणि एका शेंड्यावर चिमुकली मंजिरी. ऊस, आवळा, चिंच, अंतरपाट, सारे यथासांग पार पडले. अखेरीस पत्नीने पंचामृताची वाटी माझ्यासमोर ठेवली. काठोकाठ भरलेली.

"एवढे?" मी विचारले.

"सगळे इथेच संपवा," ती म्हणाली. "आणि संपेपर्यंत मी इथून हलणार नाही."