राहिलेला निरोप

बेल नाही, दार ठोठावणं नाही. काचेवर एका बोटानं दोनदा हलकी टिचकी, आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरलेली. आजोबा आले की असे यायचे. दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "निरोप आहे."

हे आजोबा आमचे कोणी नव्हेत. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहणारे अमेरिकन गृहस्थ, नव्वदीला टेकलेले, एकटे. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायला लागली, आणि त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढे पोस्टमनलाही ते आपली ओळख तशीच करून द्यायचे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चाले. मी ते सोयीनं मराठीत सांगतो आहे.

तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल, ज्याच्याजवळ काही सांगून ठेवलं की आपण निर्धास्त. आजोबांच्या बाबतीत मात्र जरा अतीच होतं. पार्सलवाला जाता जाता एवढंच म्हणाला, "खोका कोपऱ्यात थोडा चेपलाय, सॉरी म्हणून सांगा." तर हे भर बर्फातून घरातल्या सपाता घालून ते सॉरी पोचवायला हजर! बर्फ आमच्या पायपुसण्यावर वितळतोय, मुलगी जिन्यावरून ओरडतेय, "डॅड, आजोबा हॅज ब्रेकिंग न्यूज!" आणि ते गंभीर चेहऱ्यानं सांगताहेत की खोक्याचा कोपरा चेपला आहे.

एकदा माझी आई पुण्याहून आली होती. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. आई कचरा टाकायला बाहेर पडली आणि मागे दार लागलं. आजोबांनी तिला आपल्या पोर्चमध्ये खुर्ची दिली, चहा करून दिला, आणि जुना पिकअप काढून थेट मी काम करतो त्या डेटा सेंटरच्या फाटकावर आले. गार्ड आत सोडेना. "मला सांगा, मी कळवतो," म्हणाला. हे म्हणाले, "निरोप आईचा आहे आणि मुलाला आहे. मधे तू कशाला?" शेवटी गार्डनं आत फोन केला आणि मीच धावत बाहेर आलो.

"तुझी आई बाहेर उभी होती," आजोबा म्हणाले. "आता बसली आहे."

संध्याकाळी माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, "आजोबा, सरळ फोन का नाही केलात?"

"फोनवर सांगता येतं," ते म्हणाले. "पोचलं की नाही, ते समोरच्याचं तोंड बघितल्याशिवाय कळत नाही."

ते गेल्यावर आम्ही खूप हसलो. चक्रम आहेत पण गोड आहेत, असं आमचं त्यांच्याविषयी मत होतं.

तरुणपणी ते आरमारात होते. महायुद्धाच्या शेवटी पॅसिफिकमधल्या एका बेटावर सैन्य उतरवलं जात होतं, तेव्हा ते तिथं एका विनाशिकेवर होते. विनाशिका म्हणजे लहानशी, चपळ युद्धनौका. यांचं वय अठरा. माझ्या मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी कुणा वयस्कर माणसाची मुलाखत घ्यायची होती, म्हणून एका रविवारी ते आमच्याकडे घरामागच्या लाकडी डेकवर बसून सगळं सांगत होते, आणि छान रंगवून सांगत होते. उजाडायच्या आत सगळे आपापल्या तोफांपाशी. मग बेटावरचे आपले सैनिक रेडिओवरून जागा सांगतील तिथं मारा करायचा. यांच्याकडे काम गोळे उचलून तोफेला देण्याचं. रिकामी पितळी नळकांडी पायात गडगडत यायची, इतकी तापलेली की बुटानंच ढकलावी लागत. मारा थांबला की बटाटे सोलायचे, समुद्राच्या पाण्यानं आंघोळ करायची, आणि साबणाला फेस येत नाही म्हणून शिव्या द्यायच्या.

"बेट कसं होतं?" मुलीनं विचारलं.

"धूर होता. मी धूरच पाहिला."

कधी कधी त्यांच्या विनाशिकेला मोठ्या विमानवाहू जहाजाच्या मागे राहावं लागे. एखादं विमान समुद्रात पडलं तर वैमानिकाला पाण्यातून काढायचं, कोरडे कपडे द्यायचे, आणि दोरावर टांगलेल्या खुर्चीत बसवून त्याच्या जहाजावर परत पाठवायचं. मोठ्या जहाजावर आइस्क्रीमचं यंत्र होतं. वैमानिक परत मिळाला की ते बदल्यात आइस्क्रीमचे डबे पाठवत.

"त्यामुळे पाण्यात कुणी दिसलं की आमची पोरं 'माणूस, माणूस' म्हणून ओरडत नसत," आजोबा म्हणाले. "'आइस्क्रीम!' म्हणून ओरडत."

मुलगी खो खो हसली. मग तिनं सहज विचारलं, "वॉज द पायलट ओके विथ दॅट?"

आजोबा उठले आणि टोपी टेबलावर तशीच ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काचेवर टिचकी वाजली. टोपी न्यायला आले असतील म्हणून मी ती पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"निरोप आहे," ते म्हणाले. "पण तुझ्यासाठी नाही. ज्याला द्यायचा होता त्याला मी दिला नाही."

असाच एक वैमानिक त्यांनी पाण्यातून काढला होता. यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. घोंगडी पांघरून कुडकुडत बसला होता. यांनी त्याला कॉफी नेऊन दिली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझं डोकं गरगरतंय. उभं राहिलं की तोल जातो. तुमच्या डॉक्टरला सांगशील? मी स्वतः सांगितलं तर घाबरला म्हणतील. एखादा दिवस ठेवून घेतलं तर बरं होईल." हे निघाले. डेकवर सगळी पोरं वाडगे घेऊन उभी. मोठं जहाज शेजारी येत होतं. वैमानिक राहिला तर आइस्क्रीमही राहणार, आणि कित्येक आठवड्यांत गार असं काही कुणाच्या पोटात गेलं नव्हतं.

"मी डॉक्टरकडे गेलोच नाही," आजोबा म्हणाले. "तसाच परत फिरलो आणि त्याला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, तुम्ही ठीक आहात. तो मला थँक यू म्हणाला."

दुसऱ्या दिवशी बेटावरून वळताना त्याचं विमान सरळ पाण्यात गेलं. वर कोणी आलं नाही.

"मी दोन वाडगे खाल्ले होते," आजोबा म्हणाले.

मी आपलं काहीबाही बोललो. तुम्ही पोरसवदा होतात, विमानाला गोळी लागली असेल, कुणी सांगावं. "असेल," ते म्हणाले. हे सगळं स्वतःला सांगून सांगून ते कधीच दमून गेले असणार.

निदान त्याच्या घरच्या कुणाला तरी हे सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वैमानिकाचं नाव त्यांना पाठ होतं. बाकीचं शोधणं माझ्या हातचं काम होतं. त्याची धाकटी बहीण हयात होती, पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी. मी फोन केला. भावाला पाहिलेला माणूस भेटायला येतोय म्हटल्यावर त्या म्हाताऱ्या बाईंचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. तिथंच माझा धीर सुटला.

बायको म्हणाली, "अरे, त्यांच्या लेखी भाऊ हिरो आहे. या वयात कशाला त्यांना हे? भेटा, फोटो काढा आणि परत या ना!" मला पटलं. गाडीत मी आजोबांना तेच सुचवून पाहिलं.

"तू गाडी चालव," ते म्हणाले.

बाई लिपस्टिक लावून, ठेवणीतला ड्रेस घालून वाट बघत बसल्या होत्या. त्या गावात पाहुणा आला की युनिव्हर्सिटीच्या डेअरीतलं आइस्क्रीम समोर येतं, आपल्याकडे चहा येतो तसं. तीन वाडगे टेबलावर आले. मला उठून पळून जावंसं वाटलं.

"शेवटी कसा होता हो तो?" बाईंनी विचारलं. "आई म्हणायची, त्याला भीती कशी ती माहीतच नव्हती."

'हसत होता' एवढं जरी आजोबा म्हणाले असते, तरी आम्ही तिघंही सुटलो असतो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो.

त्यांनी सगळं सांगितलं. वाडग्यांसकट. कुठे सावरून घेतलं नाही, लहान होतो असंही म्हणाले नाहीत.

बाईंनी आपला वाडगा बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, "त्याला मिळालं का थोडं?"

"काय?"

"आइस्क्रीम."

"नाही," आजोबा म्हणाले. "तो तिकडे गेला, मग ते इकडे आलं." आणि ते रडायला लागले.

"खा," बाई समोरच्या वाडग्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. आजोबांनी चमचा उचलला. आइस्क्रीम पार पातळ झालं होतं. त्यांनी ते सगळं खाल्लं, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत बाई बघत बसल्या.

मला बाईंचा रागच आला होता. "एकदा 'असू दे' म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" परतीच्या वाटेवर मी म्हणालो.

"मला खरं वाटलं नसतं," आजोबा म्हणाले, आणि घटकाभरात घोरायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले, हॉस्पिटलमध्ये, न्यूमोनियानं. शेवटी मी जवळ होतो. मरण सोपं नव्हतं. श्वासासाठी माणूस कसा झगडतो ते मी पहिल्यांदाच पाहिलं. बाईंना कळवायला हवं म्हणून मी फोन केला.

"त्रास झाला का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," मी म्हणालो. "झोपेतच गेले. अगदी शांतपणे." आपण सगळेच असं सांगतो.

"खरंच?" बाई म्हणाल्या.

त्यांना खोटं कळलं होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र माझं ऐकू आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "फार त्रास झाला. शुद्धीत होते. घाबरले होते. माझा हात सोडत नव्हते."

बाई रडत असाव्यात. मग त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगा."