खळ्यातलं चिलट

"पोरगा विमानावर हाय," एवढंच दाजी बोलले होते. सोयरिकी जुळवणं हा दाजींचा छंद. एसटीवर असलेला माणूस एसटी हाकतो, तर विमानावर असलेला विमान हाकणार, हे वरसे गावात कुणाला समजावून द्यावं लागलं नाही. एसटीवर कंडक्टरही असतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मालूच्या बापानं, गुणाजीनं, ती बातमी थेट रोह्याच्या बाजारात पोचवली. पासष्टची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती; विमानवाला जावई म्हटल्यावर वाण्यानंही गुणाजीला बसायला स्टूल सरकवलं.

मालूला मात्र विमानाचं एवढं अप्रूप नव्हतं. याआधी तिला पाहायला आलेल्या मंडळींनी दोन विहिरी सांगितल्या होत्या. निघाली एक, तीही कोरडी. तेव्हापासून पाहुणे बोलायला लागले की ती मनातल्या मनात त्यातलं अर्धं वजा करायची. जन्म काढायचा तो निदान खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

हिरामण आला तो धरमतरच्या खाडीकडून, मिठागरात राबणाऱ्या घरातला. सडपातळ, कडक इस्त्रीच्या शर्टात जरा अवघडून बसलेला. गुणाजीनं पहिलाच प्रश्न टाकला, "मग, कवापासनं उडवतोस?"

दाजींनी घाईघाईनं पोह्यांची बशी हिरामणच्या पुढ्यात केली. त्यानं ती खाली ठेवली.

"मी नाय उडवत, मामा. मी फिटर हाय. विमान उतरलं की माझ्या ताब्यात. पंख, चाकं, ब्रेक, सगळं तपासून मी सही केली की मगच वैमानिक चढतो."

गुणाजीच्या डोळ्यांपुढून रोह्याचा अख्खा बाजार सरकून गेला.

"नि विमान तरी केवढं?" हा प्रश्न रंभाआत्याचा. गुणाजीची थोरली बहीण. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे.

"ल्हान हाय, आत्याबाई. नावच त्याचं नॅट. म्हंजी चिलट."

"चिलट! अरं, आमच्या म्हशीच्या कानाशी शंभर घोंगावतात. त्यांच्यावर पन ठेवा एकेक फिटर!"

असा हशा पिकला की दुसरा कुणी असता तर चपला शोधायला लागला असता. हिरामणही उठला, पण तो गेला अंगणापलीकडच्या खळ्याकडे. मळणी उरकली होती, सारवलेलं खळं रिकामं होतं आणि कडेला तुसाचा ढीग. ओंजळीनं तूस सोडत सोडत त्यानं जमिनीवर विमान काढलं, अगदी खऱ्या मापाचं. लांबी वीस हात, पंखांची रुंदी पंधरा.

गुणाजी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आमचा गोठा याच्याहून मोठा हाय."

"व्हय ना, म्हनून तर!" हिरामणचा अवघडलेपणा कुठल्या कुठे गेला. "एवढंसं हाय म्हनून दुश्मनाला लांबून दिसत नाय. दिसलं नि तो मागं लागला, तर हे आतल्या आत वळून त्याच्याच पाठीवर. हितं नि हितं दोन तोफा. पंखांखाली बॉम्ब, एकेक दोन पोती भाताहून जड. वर विमानांशी झुंजतं, नि खाली रणगाड्यांवर पन जातं. नि आम्हाला शिडी लागत नाय! भुईवर उभ्या उभ्या हात पोचतो. बाकीची विमानं आंघोळ करतायत तवर आमचं पुन्हा आभाळात."

"नि आभाळात धावतं विमान आवरायचं कसं?"

आवाज अंगणाच्या कडेनं आला होता. दाराआडची मालू खळ्यापर्यंत आली होती.

हिरामण तुसाच्या विमानाकडेच बघत म्हणाला, "पोटाला चाकांची दारं हायत. चाकांसकट ती जराशी खाली सोडायची. हवेतला ब्रेक तोच, दुसरा नाय."

"बगळा उतरताना पाय सोडतो तसा."

"तस्सा!" हे म्हणताना मात्र त्यानं तिच्याकडे पाहिलं.

गुणाजीला ते रुचलं नाही. "लय गुण गायलेस. खोट काय त्याच्यात? का नायच?"

दाजी मागून मानेनं नको नको करत होते.

"हाय की. तेल थोडं मावतं. लांब जायाचं तर पंखांखाली टाक्या लावायच्या, मग बॉम्बची जागा अडते. तोफा पन कधीमधी अडकतात."

त्यातली तेलाची खोट पुढं बऱ्याच वर्षांनी दूर झाली. याच विमानाचं सुधारलेलं 'अजित' आलं, पंखांच्या पोटातच तेल भरायला लागले आणि खालची जागा बॉम्बना मोकळी झाली. त्या वर्षी रजेवर आलेला हिरामण पेणच्या बाजारात ज्याला त्याला थांबवून ते सांगत सुटला होता. खाडीकडच्या गावात त्याचं नावच 'चिलटवाला' पडलं, आणि निवृत्त होऊन आल्यावरही ते तो मिरवत असे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी गुणाजी "कळवतो" म्हणाला आणि पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडून आला. कळवतो म्हणजे काय, ते दाजींनाही कळलं होतं. परतताना त्यानं मालूला सांगायचे शब्द जुळवले होते.

ती खळं झाडत होती. सगळं खळं लख्ख झालं होतं. मधलं विमान तेवढं तसंच, तुसाची एक रेघ विस्कटलेली नाही.

"अर्धंच झाडलंस गो?"

"सगळं झाडलंय. तेवढं ऱ्हाऊ दे."

"का?"

"तुमी खोट विचारलीत, बा, नि त्यानं सांगितली. विहिरीवाल्यांनी सांगितली होती?"

गुणाजीनं खांद्यावरचा पंचा नीट केला. मग कुरकुरला, "नि बाजारात काय सांगू मी?"

"विमानावर हाय म्हनून सांगा," मालू केरसुणी आपटत म्हणाली. "खोटं थोडंच हाय?"

गुणाजी हसला नाही, पण पुन्हा स्टँडकडे वळला. एसटी अजून आली नसावी. घाईत होता, तरी खळ्यातून सरळ न जाता तुसाच्या विमानाच्या शेपटीला वळसा घालून गेला.