वन्संची गाळणी

आमच्या थोरल्या वन्संइतकं न वाकणारं माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं नसेल. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. गुडघेही त्यांचे वाकत नाहीत, पण तो दुखण्याचा भाग. बाकीचं सगळं ठरवून. वारज्याला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, म्हणजे कागदोपत्री एकट्या. गॅलरीत सव्वीस ब्रोमेलियाड आहेत. अननसाची भावंडंच समजा ती; लांब पट्ट्यांसारखी पानं मधोमध जुळून त्यांचा पेला होतो, आणि झाड पाणी पितं ते त्या पेल्यातून. पहिल्यांदा मी कुंडीतल्या मातीत तांब्या रिकामा करायला गेले तर म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला चहा दिला की तुम्ही पायावर ओतून घेता का?"

त्यांच्याकडे पाहुण्यांना टँकरचं पाणी मिळतं आणि झाडांना पावसाचं, बाटल्यांत भरून बुचं घट्ट लावून ठेवलेलं. एकदा मला ठसका लागला आणि हाताला आली ती बाटली मी तोंडाला लावली. ठसका थांबेपर्यंत वन्संनी पाठीवरून हात फिरवला, मग हळूच विचारलं, "अर्धी उरलीय ना?" फुलायला आळस करणाऱ्या झाडाला त्या पिकलेल्या केळ्यासोबत आठवडाभर पिशवीत कोंडतात. मी हसले होते. अडीच-तीन महिन्यांनी त्याच झाडातून लालभडक तुरा वर आला, तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन केला, "काय, हसताय ना अजून?"

गेल्या पावसाळ्यात सोसायटीत दोघांना डेंगी झाला आणि सेक्रेटरींना गॅलरीतले सव्वीस पेले आठवले. नोटीस आली: रविवारपर्यंत झाडं काढा, नाहीतर आम्ही उचलू. मी भित्री. म्हटलं, "वन्सं, देऊन टाका कुणाला तरी, उगाच वैर कशाला." त्या म्हणाल्या, "वैर कुठलं? रविवारी या नऊला. वाकायला माणूस हवंय."

रविवारी सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन आले. वन्सं खुर्चीत, मांडीवर चहाची गाळणी, पुढ्यात पांढरं घमेलं. मी एकेक कुंडी आडवी करायची, त्यांनी पाणी गाळून समोर धरायचं. पाचोळा निघाला, एक मेलेली मुंगी निघाली. "दर चौथ्या दिवशी ओतून नवं भरते. डासाला वाढायला आठवडा लागतो, तेवढी सवड मी देत नाही," त्या म्हणाल्या. सेक्रेटरी दहाव्या कुंडीला म्हणाले, "पटलं काकू, राहू द्या." वन्संनी सव्विसावीपर्यंत राहू दिलं नाही. मग उठल्या. "चला, आता तुमच्याकडे."

"आमच्याकडे कुठं झाडं आहेत?"

"फ्रिज आहे ना?"

फ्रिजच्या मागचा ट्रे ओढला तर साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांची वळवळ. वन्संनी स्वतःची गाळणी पदराआड घेतली. "ही चहाची आहे, तुमची घ्या," म्हणाल्या, आणि जाता जाता, "फ्रिज रविवारपर्यंत काढणार का, एवढं लेखी कळवा."

झाडं राहिली. आता तेच सेक्रेटरी पिल्लू मागायला येतात. हे झाड एकदाच फुलतं. मग बुडाशी पिल्लं सोडून आई सावकाश वाळत जाते. तो लाल तुरा कधीच तपकिरी झाला. परवा ते म्हणाले, "काकू, हे वाळकं काढून टाका आणि पिल्लू द्या मला." वन्सं म्हणाल्या, "आईच्या एक तृतीयांश होऊ दे. तोवर ती आहे."

भरलेली बाटली हल्ली त्यांना उचलवत नाही, म्हणून दर चौथ्या दिवशी मी जाते. त्या खुर्चीतून हुकूम सोडतात. आईच्या पेल्यात मी पाणी घातलं तर ते फटीफटीतून खाली यायला लागलं. म्हटलं, "वन्सं, थांबत नाही हो आता."

"थांबेल तेवढं थांबेल. तुम्ही घाला."

मी घातलं. वाळक्या पानांवरून ते ओघळत गेलं आणि बुडाशी बसलेल्या दोन पिल्लांच्या इवल्या पेल्यांत उतरलं. वन्सं पुढे झुकून बघत होत्या, जेवढं त्यांना झुकता येतं तेवढं.