पोस्टाची घरपट्टी

आधी कबूल करा की हसणार नाही. हं, हसलातच! बरं, ऐका तरी.

आमची साई दहावीत. शाळेत लुटुपुटूचं कोर्ट भरणार होतं, तेही इंग्रजीत. जिंकणारी टीम थेट दुबईच्या फायनलला! खटला असा: गावातल्या पोस्टाची इमारत केंद्र सरकारची. मग ग्रामपंचायतीला तिच्यावर घरपट्टी लावता येते का? राज्यघटना काय म्हणते?

घरपट्टी! अहो, आमचे अण्णा ग्रामसेवक होते. पोस्टाकडून घरपट्टी काढायची, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. मिळाली नाही ती नाहीच. मी मस्कतमध्ये एसीवाल्यांचा सुपरवायझर असलो म्हणून काय झालं, रक्त ग्रामसेवकाचंच ना!

माबेल्यातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंतचा गाडीतला पाऊण तास मी महिनाभर ताब्यातच घेतला.

"पोस्टासमोरचा दिवा कोण लावतं? पंचायत! गटार कोण उपसतं? पंचायत! मग पट्टी का नको?"

"बाबा, लिसन ना, माझी साइड..."

"तुझी साइड मी बघतो. तू लिहून घे!"

पोरगी मुकाट्यानं लिहून घ्यायची. मधूनच एखादा उलटा प्रश्न टाकायची, की मी तो हाणून पाडलाच. काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

स्पर्धेला आमच्या खालच्या मजल्यावरचे रफिकभाईही आले. मूळचे दापोलीचे, बरका गावातलं आपलं दुकान बंद ठेवून आले बिचारे. साई स्टेजवर टेबलामागे बसली होती.

साई उभी राहिली. "माय लॉर्ड, पंचायतीला हा कर लावता येणार नाही."

पोरगी घाबरून उलटं बोलायला लागली!

"कलम दोनशे पंच्याऐंशी. केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा, म्हणजे पंचायतीचाही, कर नाही. आणि केंद्रालाही राज्याच्या मालमत्तेवर सरसकट कर लावता येत नाही. दोघांच्या मध्ये घटनेनं कुंपण घातलंय."

महिन्याची मेहनत, दुबई, अण्णा, सगळं डोळ्यांदेखत बुडायला लागलं. रफिकभाई शर्ट ओढत होते, "बसा वो भाऊ, खलास होईल सगळं!" पण मी उठलोच.

"साई! उलटं झालं! आपण पंचायत!"

न्यायाधीश म्हणून आलेल्या वकीलबाईंनी चष्मा काढला. "प्रेक्षकांतून मदत मिळाली तर टीम बाद होते. हे कोण? तुझ्या टीमचे?"

तेव्हा कुठे साईच्या टेबलावरची पाटी मला दिसली. 'केंद्र सरकार'. देवा! महिनाभरात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तू कोणाच्या बाजूनं? पोरीची दुबई माझ्या तोंडानं गेली होती.

साई म्हणाली, "नो मॅडम. हे माझे बाबा. महिनाभर गाडीत हे पंचायतीच्या बाजूनं भांडतात आणि मी यांना हरवायची प्रॅक्टिस करते."

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग ही मदत नव्हेच. चालू दे."

आणि काय चालली म्हणता! माझा एकेक पॉइंट वहीतून वाचायची आणि उडवायची. दिवा उडाला, गटार उडालं, अण्णा उडाले. साईची टीम जिंकली!

परतताना मी गाडी चालवत होतो. साईच म्हणाली, "बाबा, फायनलला मला पंचायतीची साइड आलीय."

मी उसळलोच. "वा! मग काढ वही! दिवा कोण..."

"नको, नको! आता तू केंद्र घे. तू ज्या साइडला असतोस ना, ती हरते."