शैलावहिनींची मूळ सीडी

दादाचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसलो होतो. "शैला गेली रे," एवढंच तो म्हणाला. सकाळी फुलं तोडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. थोरली वहिनी म्हणजे आईसारखी, असं अशा वेळी लिहितात. मला तसं लिहायचं तोंड नाही. ती बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? सुटलो... आता त्या सीडीबद्दल कुणी विचारणार नाही! डबा तसाच झाकून ठेवला. दोन महिने होत आले, पण त्या क्षणाची लाज काही जात नाही.

वहिनी पैठणीची नक्षी काढायच्या. सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा संगणक, आणि पडद्याला नाक लावून बसलेल्या वहिनी. पदरावरचा मोर, काठावरची वेल, अंगभर बुट्ट्या, सगळं एकेक चौकट भरत तयार करायचं आणि छापून पैठणच्या विणकरांना द्यायचं. विणकर एसटीनं यायचे, पोहे खाऊन, कागदाच्या गुंडाळ्या घेऊन परत जायचे. स्वभावानं बाई फटकळ. "भावजी, चहा पिऊन कप तिथंच ठेवायचा असतो व्हय? मोरी काय पैठणला आहे?" असं पाहुण्यांसमोर म्हणायच्या. आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर 'जपून ठेवणे' असं लिहायची त्यांना लई खोड. रिकाम्या बरण्या, जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, इस्त्रीची तुटकी वायरसुद्धा! मी त्यावरून त्यांना कायम चिडवायचो.

लासूर स्टेशनजवळ आमची थोडी जमीन आहे, ती मी बघतो. एका वर्षी ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरांनी नुसता उच्छाद मांडला. कुणीतरी म्हणालं, जुन्या सीड्या टांगा, चमकल्या की पाखरं फिरकत नाहीत. वहिनींना विचारलं, तर त्यांनी आनंदानं लग्नाच्या आणि भजनांच्या सीड्यांचा खोका काढून दिला. तो पुरेल की नाही अशी शंका आली, म्हणून त्या आत चहा टाकत होत्या तेव्हा मी संगणकाखालचा खण उघडला आणि त्यातल्या चार-पाच उचलल्या. विचारलं नाही. एकीवर त्यांच्याच अक्षरात 'मूळ, जपून ठेवणे' असं लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं ते. वाचलं, हसलो आणि पिशवीत टाकली. शेतावर गेल्यावर तापल्या खिळ्यानं काठाला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि बांधावर टांगली.

दोनेक वर्षांनी वहिनींचा संगणक कायमचा बसला. दादानं नवा आणला. त्यावर नक्षीचं जुनं सॉफ्टवेअर चालेना, नवी आवृत्ती घ्यावी लागली, आणि ती चढवताना पडद्यावर एकच चौकट पुन्हा पुन्हा येऊ लागली : जुन्या आवृत्तीची मूळ सीडी घाला. त्याशिवाय गाडी पुढं सरकेना. सगळ्या नक्षा वहिनींनी दुसरीकडं उतरवून ठेवलेल्या होत्या, एकही हरवली नव्हती. फक्त उघडत नव्हती. "असला कसला मेला हट्ट यांचा? माझीच नक्षी, आणि मलाच पुरावा मागतात!" वहिनी संतापल्या. मग मला फोन आला. "भावजी, त्या खोक्यात चुकून माझी सीडी तर नाही ना गेली?"

"छे हो वहिनी, नाय," मी म्हणालो. का म्हणालो? फटकळ बाई चार शब्द सुनावेल, एवढीच भीती. नुसतं तेवढ्यावर थांबलो असतो तरी... पण रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन ती सीडी शोधू लागलो. कपाटं सरकवली, गाद्या उचलल्या. घामाघूम झालो तर त्यांनी सरबत करून दिलं. ते मी प्यालो.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर त्यांना म्हणाला, सीडी खराब झाली असली तरी चालेल, तुकडे का असेनात, पाठवा, बदलून देऊ. वहिनींनी ते मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. सीडी तिथंच होती. उन्हानं चंदेरी पापुद्रे निघालेले, अक्षर पुसट, पण वाचता येत होतं. नेऊन दिली असती तर काम झालं असतं. पण ते भोक, ती सुतळीची गाठ... सगळं उघडं पडलं असतं. सुतळी कापली आणि सीडी विहिरीत टाकली. पोहायला शिकलो ती आमची विहीर.

विणकरांकडचे छापील कागद मागावर झिजून केव्हाच फाटले होते. मग वहिनींनी ग्राफ पेपर आणले आणि रंगीत पेन्सिली घेऊन आठवतील तशा नक्षा परत काढायला बसल्या. साठीच्या उंबरठ्यावर. मान दुखायची, चष्म्याचा नंबर वाढला. मी गेलो की म्हणायच्या, "भावजी, जरा ह्या ओळीतल्या चौकटी मोजून द्या, माझा हिशोब चुकतोय." मी मोजून द्यायचो. सगळ्या नक्षा काही आठवल्या नाहीत. त्यांच्या हृदयाचा आणि सीडीचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण शेवटची तीन वर्षं त्यांनी जे काम केलं, ते मी त्यांच्या गळ्यात मारलं होतं.

परवा इस्माईलभाई, त्यांचे सगळ्यांत जुने विणकर, भेटायला आले. म्हणाले, "भाभी का पुराना मोर मिला तो उनके नाम से एक पदर बुनता मैं. वैसा मोर फिर किसी ने नहीं निकाला." तेव्हापासून दादानं त्या सीडीसाठी घर उपसायला काढलंय. गेल्या रविवारी मी गेलो तर तो जमिनीवर बसून खणातले कागद एकेक करून झटकत होता. "कुठं ठेवली असंल रे तिनं?" त्यानं विचारलं. आणि मी पुन्हा... पुन्हा त्याच्या शेजारी बसलो आणि शोधू लागलो.

दादा, पेपरची ही पुरवणी तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस. आता शोधू नकोस. सीडी घरात नाही, मी नेली होती. वहिनींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आज दुपारी मी येतोय. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.