उस्तादांनी गुपचूप घेतलेला रेडिओ

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक हवेत बोलायचे. तसे ते जमिनीवरही भरपूर बोलायचे. पण त्यांच्या गच्चीवर अँटेना होती, खिशात परवाना होता, आणि हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. अर्ध्या क्लबाला मोर्स, म्हणजे ती टिंब-रेघांची शिट्ट्यांची भाषा, त्यांनीच शिकवलेली. हे ते कुणाला विसरू देत नसत.

क्लबात डिजिटलचं वारं शिरलं तेव्हा उस्तादांनी पहिल्याच बैठकीत तोफ डागली. या नव्या पद्धतीत रेडिओ कॉम्प्युटरला जोडायचा. मग कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संदेश कॉम्प्युटर पकडतो आणि अक्षरं पडद्यावर उमटवतो.

"कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलणार, आणि आपण बाजूला बसून टाळ्या वाजवायच्या?" उस्ताद गरजले. "उद्या जेवायलाही त्यालाच बसवा!"

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक बैठकीत ते नुकतंच सुचल्यासारखं म्हणायचे.

खरी गोष्ट वेगळीच होती. उस्तादांचे कान दगा देऊ लागले होते. मोर्सच्या बारीक शिट्ट्या खरखरीत विरून जायच्या. उरलेल्या जागा ते अंदाजाने भरायचे. एका रविवारी क्लबातल्या प्लंबरने मोर्सवरून कळवलं की सासूबाई जिन्यावरून पडल्या, पाय मोडला. उस्तादांच्या हाती लागलं फक्त 'सासूबाई' आणि 'जिना'. प्लंबरने नवं घर बांधलं असणार आणि सासूबाई राहायला आल्या असणार, असं जुळवून त्यांनी उत्तर ठोकून दिलं, "अभिनंदन! किती दिवस वाट पाहत होता तुम्ही!"

प्लंबर हसून हसून लोळला आणि उस्तादांचा हा हजरजबाबीपणा क्लबभर सांगत सुटला. उस्तादही मग, विनोद आपण ठरवूनच केला होता अशा थाटात, मिशीतल्या मिशीत हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी रेडिओचा आवाज शेवटपर्यंत वाढवून पाहिला.

"चष्मा लागला म्हणून आभाळ कोसळत नाही," असं गिऱ्हाइकांना दिवसभर समजावणारा हा माणूस कानाच्या डॉक्टरची पाटी दिसली की रस्ता ओलांडायचा, ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून. आपण ढोंगी आहोत हे त्यांना कळत होतं. पण साधेसुधे नाही, पट्टीचे ढोंगी आहोत, एवढंच काय ते समाधान.

शेवटी त्यांनी डिजिटल रेडिओ मागवला. खोका दुकानाच्या पत्त्यावर आला आणि चष्म्याच्या फ्रेमा म्हणून घरी पोहोचला.

बायकोने तो उचलून पाहिला. "अहो, या कसल्या फ्रेमा? हत्तीला चष्मा लागला की काय?"

मग सगळं सांगावंच लागलं. कानांचं सोडून. लेक आली, रेडिओ कॉम्प्युटरला जोडू लागली.

"बाबा, क्लबात तू याच्याविरुद्ध भाषणं देतोस ना?"

"विरोध करायचा तर अभ्यास नको?"

"हो का? मग ही वायर धर."

जोडणी करून लेक आपल्या घरी गेली, पण उस्तादांना कुणी उत्तर देईना. हाका मारून मारून ते थकले. त्यांनी यंत्राला नावं ठेवली, हवामानाला ठेवली, सूर्यावरचे डागही सोडले नाहीत. लेकीने फोनवर विचारलं, "कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे का?" या पद्धतीत सगळ्यांनी घड्याळाच्या ठोक्यावर, आळीपाळीने बोलायचं असतं. उस्तादांचं घड्याळ मागे होतं. म्हणजे ते सारा वेळ लोकांच्या बोलण्यात तोंड घालत होते.

"म्हणजे नेहमीसारखंच," बायको म्हणाली.

घड्याळ लावलं आणि पडदा भरून गेला. ओळीमागून ओळ, समुद्रापलीकडची माणसं. कानाला नुसती खरखर, आणि डोळ्यांपुढे हा एवढा मेळा! उस्तादांनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या.

पुढे महिनाभर त्यांचा दुहेरी संसार सुरळीत चालला. दुपारी दुकान बंद करून घरी डिजिटल, आणि बैठकीत डिजिटलवर आसूड. त्या दिवशीही ते रंगात आले होते. टाळ्यांचं वाक्य झालं, जेवणाचं झालं. तेवढ्यात प्लंबरने अगदी नम्रपणे विचारलं,

"उस्ताद, दक्षिणेतलं ते बेट तुम्हाला काल दुपारी कसं काय मिळालं? मी वर्षभर तिथल्या माणसाला हाका मारतोय."

"कोण म्हणतं मिळालं म्हणून?"

"तुम्हीच. माझ्या पडद्यावर."

उस्तादांची चोरी पकडली गेली. प्रत्येक संदेशात आपलं परवान्याचं नाव जातं, आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर ते उमटतं, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. जगाला दिसेल म्हणून तर ते खुश होते. या जगात आपला क्लबही येतो, एवढंच तेवढं डोक्यात आलं नव्हतं. चोरी करायची ती आपलं नाव ओरडत, असला चोर दुसरा झाला नसेल.

"पहिल्या दिवसापासून बघतोय आम्ही," प्लंबर म्हणाला. "पण तुमचं भाषण ऐकायला मजा येते, म्हणून कुणी बोललं नाही."

हशा ओसरेपर्यंत उस्ताद उभेच राहिले. मग म्हणाले, "मोर्स ऐकू येत नाही रे मला आता. म्हणून घेतलं हे."

 प्लंबरच्या डोक्यात काहीतरी जुळलं.

"म्हणजे सासूबाईंच्या वेळी..."

"विनोद नव्हता तो. आता पाय कसा आहे त्यांचा?"

"बरा आहे. पण उस्ताद, त्यांच्या पडण्यावर आपण हसलो, हे त्यांना कळू देऊ नका. तुमचं ते अभिनंदन त्यांना फार आवडलंय. नवा जिना बांधून घेतल्याबद्दल होतं, असंच सांगितलंय मी."

पुढच्या आठवड्यात प्लंबरच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मशीन लागलं. शिट्ट्या पूर्वीइतक्या नाहीत, पण बऱ्याच परतल्या. बायकोचे टोमणेही स्पष्ट ऐकू येऊ लागले, त्याला इलाज नव्हता. नव्या सभासदांना डिजिटल शिकवायचं काम क्लबाने उस्तादांच्याच गळ्यात मारलं. पहिल्या वर्गात ते तास उलटून गेला तरी बोलत होते, पडदा कोरा. शेवटी प्लंबर उठला आणि खाली लोंबणारी अँटेनाची वायर त्याने मुकाट्याने रेडिओला जोडली.